एम, ए, एल, ई

धर्मपालने तारेच्या यंत्रातून कागदी फीत ओढून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. छपाईचा भाग बिघडला होता. अमरावतीहून आलेली तार अकोल्याच्या तारघरात नुसते आकडे, कंस आणि टिंबे होऊन उमटली होती. पुन्हा पाठवा म्हणावे, तर मागोमाग लाइनही गेली. हाती राहिली ती फीत आणि तिच्यावरची छिद्रे.

ती छिद्रे वाचणारा सबंध कचेरीत एकटा धर्मपाल. कडेला एकच छिद्र दिसले की ई, तिथेच दोन जोडीने आली की ए. दुकानाची पाटी वाचावी तसा तो ती वाचायचा. कचेरीचे साहेब वामनराव तर हातातले काम टाकून त्याच्याकडे बघत बसायचे, आणि ते वाचणे होतेच बघण्यासारखे.

“भगवंतराव,” धर्मपालने फितीवरचे नाव वाचले. “तुमचीच हाय.”

बाकावरचे भगवंतराव ताडकन उठले. कापसाच्या जिनिंगमधले काम सुटले की ते रोज इथे येऊन बसत. लेक कौशल्या अमरावतीला सासरी, दिवस भरत आलेले. पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून ते आणायला गेले, तर व्याह्यांनी दारातूनच वाटेला लावले. “आता पोरीनं सोता बोलावलं तरच येईन,” असे रागाच्या भरात बोलून ते परतले होते. तेव्हापासून तो शब्द त्यांना खात होता.

“एम, ए, एल, ई,” धर्मपाल वाचू लागला.

“मेल! म्हणजे मुलगा!” वामनराव खुर्चीतूनच ओरडले. “भगवंतराव, नातू झाला! पेढे काढा!”

“अन् पोर?” भगवंतरावांनी विचारले. “माही पोर कशी हाय?”

धर्मपालचा अंगठा फितीवरून पुढे सरकला. एन, वाय, ए. मग कौशल्याचे नाव, आणि तार संपली. त्याने अंगठा परत पहिल्या अक्षरावर आणला. त्याचे ओठ हलले, पण आता घरात बोलतो तसे.

“काका, हे इंग्रजी नोहे,” तो म्हणाला. “नातूबितू काही नाही. पोर बोलून राहिली, ‘मले न्या.’”

भगवंतरावांनी दोन्ही हातांनी टोपी नीट केली. नुसतीच नीट करत राहिले.

“अमरावतीची यष्टी भेटन आता?”

“भेटन. निंघा तुमी.”

ते दारापर्यंत गेले आणि वळले.

“लाइन आली का तिले तार करजा. लिवा, येऊन राहिलो.”

धर्मपालने कोरी फीत चढवली आणि ते शब्द जसेच्या तसे टोचायला घेतले. वामनरावांनी चष्मा काढला.

“अहो, तार आधी व्याह्यांच्या हातात पडेल. ते वाचतील.”

“वाचू द्या,” भगवंतराव म्हणाले.