सातव्या खाटेची रेघ

चिकटपट्टी जखमेसाठी असते.

मौनीबाबांचं तोंड मिटलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

दुपारी एक वाजता सगळ्यांना भूक लागते.

हिरवी रेघ म्हणजे माझी आई.

वॉर्ड दारापर्यंत माणसांनी भरला होता. कोपऱ्यातल्या सातव्या खाटेवर आई. तिच्या छातीवरच्या डबीतून हृदयाचे ठोके बिनतारी निघायचे आणि सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर रेघ होऊन उमटायचे. रोज एकच्या सुमारास ती रेघ नाहीशी व्हायची. मी आईचा हात धरून बसलेली असायचे. हात गरम, पडद्यावर आई नाही. क्षणभर मी पडद्यावरच विश्वास ठेवायचे.

“आधीचे आजोबा याच खाटेवर गेले,” सिस्टर कुजबुजल्या. “तेच ही रेघ पुसतात.”

“तीन दिवस या मजल्यावर कुणी घास घ्यायचा नाही!” भूत उतरवायला आलेले मौनीबाबा गरजले. “रेघ गेली तर नाव बदलीन!”

तीन दिवस सगळे उपाशी. तीन दिवस रेघ अखंड. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

चौथ्या दिवशी डबे उघडले आणि रेघ गेली.

“त्या भुताला खाटच रिकामी हवी,” बाबांनी हात झटकले. “म्हातारीला घरी न्या.”

दादाने डिस्चार्जचा कागद मागितला. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी ठोका चुकला तर कळणारही नाही.

“दादा, एक दिवस थांब.”

“शहाणपणा पुरे तुझा! आईला काही झालं तर?”

“म्हणूनच थांब म्हणतेय ना!”

दुसऱ्या दिवशी माझ्या तक्रारीवरून दवाखान्याचं नेटवर्क सांभाळणारी मुलगी आली. एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात लहरी दाखवणारा छोटा पडदा.

“बाळ, भूत यंत्रात सापडत नाही,” बाबा हसले.

“सापडेल तिथे शोधू, काका.” ती सिस्टरकडे वळली. “त्या तीन दिवसांत इथे काय बंद होतं?”

“काहीच नाही. फक्त जेवण.”

“आणि ते गरम कुठे करता?”

सिस्टरनी खाटेमागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडे खोली, खोलीत मायक्रोवेव्ह ओव्हन. त्याच्या दाराची खिट्टी तुटलेली, आणि दार दाबून धरायला जखमेवरची चिकटपट्टी. तरी बारीक फट.

तिने आत पाण्याचा कप ठेवला. ओव्हन सुरू: तिच्या पडद्यावर लहरींचे डोंगर, टेबलावर आई गायब. बंद: आई परत. तीनदा केलं, बाबांच्या देखत.

“आईची लहर घेणारा डबा याच भिंतीवर आहे,” ती म्हणाली. “ओव्हनच्या लहरीही त्याच जातीच्या. ढोलाशेजारी कुजबुज ऐकू येईल का?”

“उपासाने भूत शांत झालं होतं!” बाबा अजून बोलतच होते.

“ओव्हन शांत झाला होता,” दादा म्हणाला. त्याने कागद फाडला.

“खिट्टी कधी तुटली?” मी विचारलं.

“आजोबा होते तेव्हाच.” सिस्टर खाली बघत राहिल्या. “रेघ तेव्हापासूनच जायची. आम्हाला सवय झाली होती.”

नवा ओव्हन आला, दूरच्या खोलीत. आई घरी आली, स्वतःच्या पायांनी. तुम्हाला एवढंच सांगते: हात जोडण्याआधी विचारा, त्या वेळी आणखी काय बंद होतं? आणि रेघ गेली की आधी माणसाकडे धावा.

आजोबांची रेघ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेली होती. तेव्हा ओव्हन बंद होता; तरी कुणी धावलं नाही.