पायगुणाची शास्त्रीय चाचणी

आमचं यंत्र पास झालं आणि मला नोकरीत कायम केलं. हे वाक्य वाचकांनी वाचलेलं नाही असं समजावं. मीही ते लिहिलेलं नाही. यंत्राचं काय होणार याची मला सुतराम कल्पना नाही.

तर, मी इंजिनिअर आहे, सध्या प्रोबेशनवर. आमच्या सरकारी प्रयोगशाळेत जमिनीची बारीक थरथर मोजणारं यंत्र तयार होतंय. ते पुलाच्या खांबाशी ठेवायचं आणि खांब आतून कुरकुरायला लागला की पूल पडायच्या आत आपल्याला कळायला हवं, असा बेत. समिती येऊन तपासणार. यंत्र पास झालं तर मी इथे कायम, नाहीतर आत्याच्या घरी कायम.

आत्याचं घर हे माझं मूळ विद्यापीठ. मी तिथेच वाढले. तिचं कपडे धुण्याचं मशीन पिळायला लागलं की चालायलाही लागायचं. बाथरूममधून निघून थेट बाहेरच्या दारापर्यंत यायचं. पाहुण्यांना वाटायचं, कुणीतरी दार उघडायला येतंय. आत्याने त्यावर उपाय काढला होता. ती मशीनवर बसून पेपर वाचायची. अक्षरं हलतात म्हणून तिने दोनदा चष्मा बदलला. मी फरशीवर खडूने रेघा मारून मशीनची चाल मोजायचे. एकदा दिसलं की त्याचा एक पाय अधांतरी आहे. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि मशीन आयुष्यात प्रथमच जागेवर उभं राहिलं. हा माझा पहिला शोध. आत्या मात्र त्यानंतरही बसतच राहिली. म्हणाली, पुठ्ठ्याचा काय भरवसा. मला त्या दिवशी कळलं की हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते बहुधा पायात असतं. यातला दुसरा भाग मी पुढे विसरले.

आमच्या यंत्राची पडद्यावरची रेघ सरळ राहायला हवी होती. ती राहायची, फक्त मी खोलीत नसताना. मी समोर येऊन बसले की सेकंदाला पाच असे नीट, एकसारखे हेलकावे सुरू. मी उठून दारापाशी उभी राहिले की बंद. मला खुर्चीचा संशय आला. खुर्ची बदलली, ती बदललेली खुर्चीही बदलली. मग आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई येऊन त्याच खुर्चीवर बसल्या. रेघ पट्टीने आखल्यासारखी.

बाईंना सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण त्या आल्या की आवाज बंद होतो. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याला पायगुण म्हणतात," त्या म्हणाल्या.

एका डॉक्टरेट झालेल्या बाईंनी असं म्हणावं याचं मला फार लागलं. मी पंखा बंद केला, पाण्याचा पंप थांबवायला लावला, लिफ्टवर 'बंद आहे' अशी खोटी पाटी लावली. वर्कशॉपमधले फिटरमामा म्हणाले, उलटी चालत आत जाऊन बघ, यंत्राला वाटेल तू बाहेर चाललीयेस. मी तेही केलं. यंत्र फसलं नाही. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती.

त्या दुपारी आत्या आली, कारण मी घराची किल्ली विसरले होते. मी पडद्यापुढे डोकं धरून बसले होते. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्या लहानपणापासून जिथे मारत आलीय तिथेच, माझ्या उजव्या गुडघ्यावर, सणसणीत चापट मारली.

"पाय हलवू नको. किती वेळा सांगायचं?"

रेघ सरळ झाली.

मी रेघेकडे पाहिलं, मग पायाकडे. पाय पुन्हा सुरू झाला, रेघही. मी इतकी वर्षं खुर्चीवर बसले की पाय हलवते, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. यंत्र बिचारं खरं तेच सांगत होतं. पायगुण शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला आणि आत्या 'जेवायला वेळेवर ये' म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून बसले. रेघ सरळ. सरळच. समितीचे अध्यक्ष पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, हे चालू आहे ना? बाई म्हणाल्या, चालू आहे. अध्यक्ष म्हणाले, बंद यंत्रही असंच दिसतं. एका सदस्याने उडी मारून बघू का असं विचारलं, तर अध्यक्षांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, उडी मारली तर माझा चहाचा कपसुद्धा हलतो, त्याला काही आपण यंत्र म्हणत नाही. बारीक, लांबची थरथर दाखवा. ती आणायची कुठून? अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. मला आत्याचं घर दिसायला लागलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "जा, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बस. आणि पायाला सोड."

मी टोकाच्या स्टुलावर बसले आणि जन्मात पहिल्यांदा पाय मुद्दाम हलवायला घेतला. तो नेमका हलेना. मग मी आत्याच्या मशीनचा विचार करत बसले आणि तो आपोआप सुरू झाला. आतून अध्यक्षांचा आवाज आला: थांबवा. मी थांबवला. सुरू करा. केला. पुन्हा थांबवा. नंतर ते स्वतः बाहेर आले, माझ्या बुटाकडे आदराने बघून परत गेले आणि टोपण काढून त्यांनी सही केली.

बाईंनी माझ्या हातात पत्र ठेवलं. "अभिनंदन. आता पाय जमिनीवर ठेव," त्या म्हणाल्या, दोन्ही अर्थांनी.

आता तयार होणारं प्रत्येक यंत्र आधी माझ्या पायाने तपासलं जातं. घरी मात्र या पायाला चापटा चालूच आहेत. सबब, माननीय संचालकांना नम्र विनंती की, अर्जदाराच्या उजव्या पायाची प्रयोगशाळेच्या अधिकृत उपकरणांत नोंद करून त्यास क्रमांक देण्यात यावा, आणि सदर शासकीय उपकरणास चापट मारण्यास मनाई करणारा लेखी आदेश अर्जदाराच्या आत्यास समक्ष बजावण्यात यावा, ही विनंती.