नावाआधीचा शब्द

"आवं मास्तर, नीट वाचा. काय म्हनतंय सरकार?" राहीबाईनं पदराला हात पुसत विचारलं.

शांतिनाथ मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला. विट्याजवळच्या त्या गावात थोडंफार इंग्रजी येणारे ते एकटेच. राहीबाईचा एकुलता एक मुलगा आकाराम दोन वर्षांमागं ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला होता. पत्रात त्याच्या सामानाची पेटी पाठवल्याचं लिहिलं होतं, आणि त्याच्या नावाआधी एक शब्द होता, 'लेट'. मिरज स्टेशनावरच्या फळ्यावर मास्तरांनी तो कितीदा तरी वाचलेला.

"पेटी पुढं येतेय. आकारामला यायला उशीर आहे," ते म्हणाले.

"येऊ द्या की सावकाश," राहीबाई हसली. दुसऱ्याच दिवशी तिनं भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या. भावाला सांगून आकारामसाठी मुलगीही बघून ठेवली.

मास्तरांना मात्र चैन पडेना. फळ्यावर तो शब्द गाडीच्या नावानंतर असायचा. इथं नावाआधी का? चौथ्या दिवशी ते सांगलीला गेले आणि वाचनालयातला जाडजूड कोश उघडून बसले. उशिराचा. अलीकडचा. पूर्वीचा. त्याखाली, माणसाच्या नावाआधी आल्यास, कैलासवासी. मास्तरांचं बोट तिथंच थांबलं. मृत्यूची तार आधीच निघाली असणार, ती वाटेत कुठं गहाळ झाली देव जाणे. शेवटी बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ दिलं होतं. मंदावलेला, दमलेला.

ते परतले तेव्हा राहीबाई ओटा सारवत होती. मास्तर तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"राहीबाई, माझं चुकलं. त्या शब्दाचा दुसराही अर्थ आहे."

"कंचा?"

त्यांना तो उच्चारवेना. "आकाराम आता येणार नाही."

तिचा हात ओल्या शेणावर तसाच राहिला. मग तिनं विचारलं, "आनी काय लिवलंय त्या शब्दाचं?"

"मुळात म्हणे त्याचा अर्थ दमलेला."

"दमला आसंल," ती म्हणाली. "ल्हान हुता तवा बी दमला की वाटंतच बसायचा. मी म्होरं गेल्याली माघारी यायची, उचलून घ्यायला."

तिनं मावळतीकडं पाहिलं.

"मास्तर, दिस बुडाया आलाय. तुमची जेवायची येळ टळंल. जावा घरी." जैनाघरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे त्या क्षणीही तिच्या ध्यानात होतं.

मास्तर उठले नाहीत. समोरच्या माळावरचं ऊन हळूहळू विझत गेलं.