छपरावरच्या पाण्याचा नमुना

आमच्या इमारतीच्या गच्चीवर आत्याने माती पसरून जाड पानांची बुटकी झाडे लावली होती. पाऊस त्या मातीतून झिरपून पाइपाने खाली उतरे आणि अंगणातल्या तळ्यात पडे. यंदा तळे हिरवेगार झाले. मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले. सोसायटीच्या अध्यक्षांनी निक्षून सांगितले, "पाइपाच्या पाण्याचा नमुना तपासून आणा. नापास झाला, तर गच्ची खरवडून काढू."

आत्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्या झाडांना ती 'पोरं' म्हणे.

पाइपाखाली मी बाटली भरली. पाणी कडक चहाच्या रंगाचे होते. मला त्यात मावळती संध्याकाळ दिसली, आत्याला संकट. सकाळी तेच पाणी नितळ झालेले पाहून मला वाटले, रात्रीत गाळ बसला असेल. अशा समजुतींवरच माझे आयुष्य चालते.

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "यात क्लोरीन आहे. तुमच्याकडे ढगांना नळ बसवलाय का?"

मी बाटली उचलून हुंगून पाहिली.

"खरा नमुना आणा."

निरोप ऐकताच आत्या उखडली. "तुला समोर बघूनही तिला आणखी नमुना हवाय?"

"आत्या, बाटलीत काय भरलंस?"

"नळाचं पाणी, गाळून. परक्यांकडे घाण पाठवू?"

दुसरी बाटली मी उराशी धरून नेली. बाईंनी ती उजेडात धरली.

"खत किती घालता?"

"आत्या... प्रेमाने घालते."

"ते प्रेम सगळं तळ्यात वाहून जातंय. ही झाडं अर्धपोटीच बरी. खत बंद करा."

नमुना नापासच होता; पण आमच्या मिनतवारीनंतर अध्यक्ष महिनाभर थांबायला तयार झाले. आत्याने खताचा डबा माझ्या पलंगाखाली ढकलला आणि "पोरं उपाशी, अन् मी जेवू?" असे म्हणत ती दोनदा जेवली.

पुढच्या मोठ्या पावसातला नमुना पास झाला. गच्ची वाचली. झाडे मात्र रोडावली होती. पानांच्या कडांवर उदास लाली चढली होती.

आत्याने पाइपाखाली ओंजळ धरली.

"यात आता काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग दात काय काढतोस, मेल्या?"

मी ओठ मिटले. ती भरली ओंजळ सांभाळत जिना चढू लागली.

"कुठे निघालीस?"

"वर. त्यांचंच आहे ते."