पडद्यामागे कोणी नव्हतं

रूनाची दाढ दुखत नव्हती. टेक्सासातून निघतानाही ती दुखत नव्हती आणि आता साउथ डकोटातही नाही. पण ओरेस्टने वळून पाहिलं की तिचा हात आपोआप गालावर जायचा. खोट्यालाही सराव लागतो, आणि तिला तो आता चांगलाच झाला होता.

"पुलापलीकडे मेक्सिकोत जाऊन दाखवून ये," असं ओरेस्टने सुरुवातीलाच सांगितलं होतं. "आपल्या मोटरहोम पार्कातल्या अर्ध्या लोकांच्या तोंडातले दात तिकडचेच आहेत."

"माझ्या तोंडात मी आपल्या गावच्या डॉक्टरशिवाय कोणाला हात घालू देत नाही," रूना म्हणाली होती, आणि वर एक कण्हणंही जोडलं होतं.

एवढ्यावर काम झालं. दरवर्षी मे उजाडल्याशिवाय टेक्सास न सोडणारा तिचा नवरा या वर्षी मार्च संपायच्या आधीच मोटरहोम, ते त्यांचं चाकांवरचं घर, बाहेर काढून कॅनडात मॅनिटोबाच्या वाटेला लागला.

कारण दाढेत नव्हतं, तळ्यात होतं. नावाला तळं, पलीकडचा काठ दिसत नाही असलं पाणी. रूनाचे आजोबा आइसलँडहून येऊन त्याच्या काठी वसले, तिचे वडील भर हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून खालून जाळी ओढत. लहानपणी वडिलांचा डबा पोचवायला ती त्या बर्फावरून चालत जायची. आणि ओरेस्ट निवृत्त झाल्यापासून तिने तळं गोठलेलं पाहिलंच नव्हतं. ऑक्टोबरात पहिला बर्फ पडायच्या आत टेक्सासला निघायचं आणि पाणी निळंशार मोकळं झालं की परतायचं. जत्रेला जाऊन देवळाचं दार दर वेळी बंदच सापडावं, तसं चाललं होतं तिचं.

सांगायला काय हरकत होती? हरकत ओरेस्टच्या डाव्या हाताला होती. आयुष्यभर वीज कंपनीत खांबांवर चढलेला माणूस. वादळ झालं, तारा तुटल्या, की सगळं गाव पांघरुणात आणि हा वर लटकलेला. त्यात दोन बोटं एकदा इतकी गोठली की ती पुन्हा कधी धड झालीच नाहीत. जरा गार लागलं की मेणबत्तीसारखी पांढरी पडायची आणि मग ऊब येताना असा ठणका, की भल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी. घरी असताना फ्रीजमधलं लोणी काढायलाही तो तिला हाक मारायचा. टेक्सासात मात्र तो संत्री सोलायचा, सुतारकाम करायचा, संध्याकाळी उघड्या हातांनी डॉमिनो खेळायचा. अशा माणसाला, 'मला थंडी हवी आहे' हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून तोंडातली दाढ पुढे केली.

पण सांगायला तर हवं होतं. पुढच्या हिवाळ्यासाठी पार्कमधली ग्रेपफ्रूटच्या झाडाखालची गाडी लावायची आपली जागा ठेवायची की सोडायची, ते याच आठवड्यात कळवायचं होतं. एकदा ओरेस्टने हो कळवलं की आणखी एक वर्ष गेलं. आणि आता वर्षं हाताशी मुबलक आहेत असं रूनाला वाटेनासं झालं होतं. ओक्लाहोमात सांगीन, असं तिने ठरवलं. मग कॅन्ससात. मग नेब्रास्कात म्हणाली, इथे वारा फार आहे.

रस्त्याने एक गंमत मात्र होत होती, तिच्यापुरती. वसंत उलटा चालला होता. निघाले तेव्हा संत्र्याच्या फुलांचा बहर झडून गेला होता. ओक्लाहोमात झाडं ऐन गुलाबी झाली होती, कॅन्ससात नुसत्या कळ्या, नेब्रास्कात कळ्याही मिटून काळ्या काटक्या. जणू कोणी वर्षाची गुंडाळी मागे फिरवत होतं, आणि जितकं मागे जावं तितकी रूनाची छाती भरून येत होती. ओरेस्ट दर राज्यात एक स्वेटर चढवत होता.

त्या सकाळी ती मागच्या बिछान्यावर पडदा ओढून झोपली होती. गाडी थांबल्याने जाग आली. खिडकीतून पेट्रोल पंपाचं छत दिसलं आणि छताच्या कडेला हवेत काहीतरी भिरभिरणारं पांढरं. तिने डोळे चोळले. बर्फ पडत होता. मोठाले, आळशी, ओले पुंजके.

तिने विचारबिचार केला नाही. पायांत सपाता, अंगावर ओरेस्टचा जुना लोकरी कोट, आणि बाजूच्या दाराने ती उतरली. दुकानामागे शेत होतं, पार क्षितिजापर्यंत सपाट. ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली. चेहरा वर केला. पापण्यांवर पुंजके बसले, वितळले, पुन्हा बसले. बर्फ पडताना जी एक शांतता असते, सगळ्या आवाजांवर कोणीतरी घोंगडं टाकल्यासारखी, ती तिने ओळखली. शेजारच्या गावात ओळखीचा चेहरा भेटावा तशी.

मागे इंजिनाचा आवाज झाला, तेव्हा ती वळली. मोटरहोम पंपावरून निघून मोठ्या रस्त्याला लागत होती. ओरेस्टने इशाऱ्याचा दिवासुद्धा लावला होता. तो नेहमीच लावतो.

"ओरेस्ट!" ती एकदा ओरडली. दुसऱ्यांदा ओरडण्यात अर्थ नव्हता.

दुकानातली बाई तिच्याच वयाची होती, रुंद, लाल स्वेटरातली. छातीवरच्या पट्टीवर डार्लीन असं नाव. रूनाच्या सपातांकडे बघून तिने काही न विचारता कॉफी ओतली.

"नवरा?"

"गेला."

"मागे झोपलीय असं वाटलं असेल त्याला. बसा. तुम्ही काही पहिल्या नाही. तुम्ही लोक उत्तरेकडे परतायला लागलात की दर वर्षी एक तरी बायको मला मिळते. मागच्या खेपेला एकाने कुत्रा मोजून नेला आणि बायको ठेवून गेला. त्याचा नंबर सांगा, लावते."

रूनाने कोटाचे खिसे चाचपले. ओरेस्टचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. फोन बिछान्यावर, चार्जिंगला. डोक्यात एकच नंबर होता, लग्नापासूनचा, घरच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनचा. तिने तोच सांगितला, कारण दुसरा येतच नव्हता.

घंटी वाजू लागली. रूनाने रिसीव्हर कानाला घट्ट धरला. गार पडलेलं स्वयंपाकघर तिला समोर दिसलं. टेबलावरची मेणकापडाची चादर, उलटे ठेवलेले कप, खिडकीबाहेर बर्चची झाडं आणि त्यांच्यामागे तळं. घंटी वाजतेय आणि ऐकायला कोणी नाही. तिला वाटलं, नाही उचलला कोणी तरी चालेल. वाजू दे असाच. निदान आवाज तरी माझा घरी पोचलाय.

"हॅलो? कोण?" धापा टाकत आवाज आला.

"लॉगा?"

"रूना! अगं, मी घर गरम करायला आलेय तुमच्यासाठी. बाहेर फावडं मारत होते, धावत आले. कुठे पोचलात?"

"मी साउथ डकोटात आहे. ओरेस्ट कुठे आहे ते माहीत नाही. मला पंपावर विसरून गेलाय."

पलीकडून धाकट्या बहिणीचं ते खिंकाळणारं हसू, जे चर्चमध्येही आवरायचं नाही. "इतक्या वर्षांनी जमलं वाटतं त्याला!"

"हसू नकोस. फ्रीजवर त्याचा नंबर लावलाय, त्याला फोन कर."

"करते, करते. दाढ कशी आहे?"

"कसली दाढ?" रूना म्हणाली, आणि जीभ चावली.

"रूना."

"तळं कसं आहे ते सांग."

लॉगा आता बोलली ती वेगळ्याच आवाजात. "गोठलेलं. थंडी परत वळली ना. काल रात्रभर बर्फ तडकून गरजत होतं. आठवतं, बाबा म्हणायचे, तळं कूस बदलतंय?"

रूनाने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. डार्लीनने लक्ष नसल्याचं दाखवत चॉकलेटं नीट रचायला घेतली.

"म्हणजे तू दाढेसाठी येत नाहीयेस," लॉगा म्हणाली. "त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"मी काही बोलणार नाही हं. तुझा नवरा, तुझी दाढ. ठेव आता, त्याला गाठू दे मला."

दुसरी कॉफी संपत आली, तेव्हा मोटरहोम पंपात शिरली. ओरेस्ट उतरला तो टोपी नाही, हातमोजे नाहीत, इंजिन चालूच. दार ढकलून आत आला आणि तिला पाहून तिथेच थबकला.

"मला वाटलं, तू मागे आहेस."

"मागेच होते की. बरीच मागे."

डार्लीन फिसकन हसली. ओरेस्ट हसला नाही. तो समोरच्या खुर्चीवर बसला, आणि बघता बघता त्याचा चेहरा असा झाला की रूनाने पुढची थट्टा गिळली.

"लॉगाचा फोन आला तेव्हा मी बोलत होतो," तो म्हणाला.

"कोणाशी?"

"तुझ्याशी. इथून निघाल्यापासून. तू समोर असलीस की बघतेस, मग मला बोलता येत नाही. म्हटलं पडदा आहे, उरकून घेऊ."

"काय उरकून घेतलंस?"

त्याने टेबलाकडे बघत सांगितलं. "घर विकू या, म्हटलं. पार्कात तो पिवळा बंगला विकायला निघालाय, छोटासा. कायमचे तिकडेच राहू. सगळं सांगितलं. लॉगाला उन्हाळ्यात भेटायला येऊ, वगैरे."

रूनाच्या हातातला कप बशीवर टेकला. "आणि मी काय म्हणाले?"

"काहीच नाही. आधी वाटलं, विचार करतेयस. मग वाटलं, रडतेयस. मग मी म्हटलं, तुला नसेल पटत तर आत्ता बोल, मी विषय सोडतो. तरी तू गप्प. तेव्हा मी खूश झालो. शीळ घालत होतो, रूना. लॉगा म्हणाली, पडदा उघडून बघ. गाडी कडेला घेतली. बघितलं तर नुसती उशी. मला ते आवडलं नाही. अजिबात."

बाहेर बर्फ वाढला होता. आता नाही तर कधीच नाही, हे रूनाला कळलं.

"माझी दाढ दुखत नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"कॅन्ससात तू त्याच बाजूने टॉफी फोडलीस."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. तू कधी खोटं बोलत नाहीस; म्हटलं, काहीतरी मोठं असणार." त्याने वर पाहिलं. "आजारी आहेस का?"

"नाही रे. मला हिवाळा हवाय. आपल्या घरचा, अख्खा. तळं गोठताना बघायचंय, आणि मग तसंच गोठलेलं. मी त्याला कितीतरी वर्षं भेटले नाही. आता आणखी किती थांबू?"

ओरेस्टने डावा हात टेबलावर ठेवला. नुसतं गाडीपासून दारापर्यंत यायचं अंतर, पण दोन्ही बोटं पांढरी फटक पडली होती.

"हे रोज होणार."

"माहीत आहे."

"माहीत आहे आणि तरी मागतेयस."

"हो," रूना म्हणाली. "मागतेय."

तिने ती बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली. तिच्या ओंजळीत ती लाकडासारखी लागत होती. मग हळूहळू ऊब शिरली, ठणका सुरू झाला, ओरेस्टने डोळे मिटून घेतले. तिने हात सोडला नाही आणि मागणंही परत घेतलं नाही. दोन्ही एकदम करणं तिला फार जड गेलं.

"जागा सोडली तर ती आयोवाचा डेल्बर्ट घेणार," तो डोळे मिटूनच म्हणाला. "माझ्या झाडाखाली बसून सगळ्यांना त्याच त्या माशांच्या गोष्टी सांगणार."

"सांगेल."

"माझी ग्रेपफ्रूटं खाईल."

"खाईल रे."

"एक हिवाळा," ओरेस्ट म्हणाला. "घर विकायचं मी बोललोच नाही. त्या बिछान्याला सांगितलं, त्याच्यापाशीच राहू दे. पण जानेवारीत मला सहन झालं नाही, तर?"

"तर तू दक्षिणेला जा."

"आणि तू?"

"मी तुला विमानतळावर सोडायला येईन. आणि निघण्याआधी तू विमानात बसलायस ना, ते डोकावून बघेन."

आता तो हसला, जरासाच. त्याने कॉफीचे पैसे द्यायला पाकीट काढलं. डार्लीनने हात हलवून नको म्हटलं. "जा आता," ती म्हणाली. "आणि बाई, तुम्ही पुढे बसा."

रूना पुढे बसली. बिछान्यावरून फोन आणून ओरेस्टने तिच्या हातात दिला, मग स्वतःच्या फोनवरून पार्कला कळवलं की जागा नको. बोलताना त्याचा आवाज अगदी साधा होता, आणि फोन ठेवल्यावर तो काही वेळ नुसताच समोर बघत राहिला. रूनाने ते पाहिलं. जे हवं होतं ते मिळालं होतं. छातीतली ओढ मात्र कमी झाली नव्हती. त्या ओढीच्या शेजारी आता त्याचीही ओढ येऊन बसली होती.

गाडी निघाली. उत्तरेकडे रस्ता, शेतं, आभाळ सगळं एकाच रंगाचं. काचेवरच्या पट्ट्या बर्फ बाजूला सारत होत्या. रूनाने आपल्या बाजूची काच बोटभर खाली केली आणि फटीशी नाक नेलं.

ओरेस्टने एकदा तिच्याकडे पाहिलं. काही न बोलता हीटर वाढवला, आणि डावा हात मांडीखाली घालून उजव्याने गाडी चालवत राहिला.