उघडण्याआधी वाटलेलं पिंप

नॉर्डियाचं पिंप धक्क्याला लागल्याचा फोन सोमवारी आला, आणि मंगळवारी सकाळपर्यंत ते सगळं वाटून झालं होतं. अजून ते कोणी पाहिलं नव्हतं, उघडलं नव्हतं, गोदीतून सुटलंही नव्हतं. किंग्स्टनमध्ये परदेशी गेलेल्या माणसाने सामान भरून पाठवलेलं पिंप येणं म्हणजे हे असंच. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं. फक्त इथे त्या तुरीवरून भट भटणीला मारत नाही, सगळ्या तुरी शेजाऱ्यांना कबूल करून मोकळा होतो.

तांदळाची पिशवी घरमालकीण मिस आयोनीला. कपड्यांचा साबणही तिलाच, कारण नळाला पाणी आलं की नॉर्डियाच्या बादल्या तीच भरून ठेवते. मटणाचे डबे बेव्ह मावशीला, अर्धे तरी. अंगाला लावायचं लोशन केरी-गेला, कारण औषधाच्या दुकानात आज नॉर्डियाच्या वाटचं काउंटर ती सांभाळणार होती. दाढीची पाती डेमियनला. या डेमियनचं प्रेम वर्षातून दोनदा, पिंपाच्या सुमारास, उतू जायचं. एरवी त्याच्या फोनला रेंज नसायची. नॉर्डियाला हे कळत नव्हतं असं नाही. पण अठ्ठाविसाव्या वर्षी, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असताना, कोणीतरी फोन करतंय एवढंही पुष्कळ वाटतं.

तिला स्वतःला काय हवं होतं? एक नवा टॉवेल आणि आठ तास झोप. यातली झोप पिंपातून येत नाही.

पिंप आलं याचा आणखी एक अर्थ होता, आणि तो सगळ्या बेटाला पाठ आहे: पिंप आलं म्हणजे आई येत नाही. जी येणार असते ती बॅगा घेऊन विमानातून उतरते. जी येणार नसते ती पिंप भरते. तिची आई मर्लीन कॅनडाला गेली तेव्हा नॉर्डिया नऊ वर्षांची होती. तिकडे ती लोकांच्या म्हाताऱ्या आईबापांना न्हाऊ-माखू घालायची, भरवायची, आणि इकडे तिची पोर बेव्ह मावशीच्या घरी तीन मावसभावंडांबरोबर एका पलंगावर वाढत होती. एकोणीस वर्षांत मर्लीन तीनदा आली; त्यातल्या दोन खेपा मयतीच्या. या नाताळला मात्र ‘नक्की येते गं, शपथ’ म्हणाली होती. म्हणून धक्क्यावरून फोन आला तेव्हा नॉर्डियाला वाईट वाटायला हवं होतं.

तिला हायसं वाटलं. त्याची लाज वाटली, पण आधी हायसं वाटलं.

कारण ती खोली. विनयार्ड टाउनमध्ये मिस आयोनीच्या अंगणात मागच्या बाजूला एक खोली, एक पलंग, एक शेगडी, चार फुटांची ओसरी आणि एक किल्ली. सात महिने झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिने दार लावलं की ते लागलेलं राहायचं. कोणी तिची कंगवा-फणी वापरायचं नाही, कोणी ‘सरक गं’ म्हणायचं नाही. कामावरून आली की चपला काढून ती पलंगावर नुसती आडवी व्हायची, जेवायचंही नाही कधीकधी. तेवढ्यासाठी ती महिनाभर राबायची. ही खोली हातची जाऊ नये, बाकी काय व्हायचं ते होवो, एवढंच तिचं मागणं होतं.

“लवकर निघ,” मिस आयोनी कुंपणापाशी उभी राहून म्हणाली. रविवारपासून नळ कोरडा होता आणि मिस आयोनीच्या तोंडाचा पट्टा त्याच हिशोबात वाढला होता. “गेल्या खेपेला लिझीची पोर दहाला गेली आणि संध्याकाळी हात हलवत आली. आणि बघ, तांदूळ बारीक असेल तर जाडा माग आईकडे. बारक्याने पोट भरत नाही.”

“भरून आलंय ना ते, मिस आयोनी. आता काय मागू?”

“पुढच्या खेपेला गं! मी काय हावरट आहे?”

नॉर्डिया हसली आणि निघाली. टॅक्सीत मागे चौघी होत्या, ती पाचवी. ड्रायव्हर म्हणाला, “छोट्या अंगाच्या व्हा जरा,” आणि कोणाच्या तरी मांडीवर मासळीची पिशवी ठिबकत राहिली. धक्क्यावर पोचेपर्यंत तिच्या स्कर्टला तो वास लागला होता तो लागलाच.

शेडमध्ये तिला एकशे सोळा नंबर मिळाला. चालू होता एकोणतीस. छताचे पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. शेजारची बाई पॅटी खाता खाता आपल्या मुलाचं सगळं सांगत होती: न्यूयॉर्कला आहे, गोरी बायको केली, पिंपात आता फक्त कुत्र्याचे जुने स्वेटर येतात. “आमच्याकडे कुत्रा कुठाय?” ती विचारत होती. नॉर्डिया मान डोलवत राहिली. मधेच केरी-गेचा फोन आला.

“काय गं, सुटलं का? लोशन कुठलंय? नारळाचं का ते दुसरं?”

“अजून माझा नंबर नाही आला.”

“इथे मिस्टर ल्यू तोंड फुगवून बसलेत. महिन्यातली ही तिसरी दांडी म्हणाले. मी म्हटलं तिची आजी गेली.”

“माझी आजी सहा वर्षांपूर्वीच गेली.”

“मग काय, खोटं कुठे बोलले?”

दोन वाजून गेले तेव्हा कुठे एकशे सोळा पुकारला. निळं पिंप, झाकणावर मर्लीनच्या तिरप्या अक्षरात नॉर्डियाचं नाव. तपासणीला एक जाडजूड, चष्मेवाली बाई होती. छातीवर पिनॉक असं नाव. तिने कडी तोडली, झाकण काढलं आणि हात घातला.

पहिल्यांदा निघाली एक टोपी. चर्चला घालायची, निळी, जाळीची. मग दुसरी, पांढरी. मग तिसरी. नॉर्डियाला वाटलं, मम्मीने कोणासाठी तरी पाठवल्या असतील. मग मोज्यांत गुंडाळलेले जाड तळव्याचे पांढरे बूट निघाले, उजवीकडून झिजलेले. रक्तदाब मोजायचं यंत्र. रबर लावलेलं बायबल. चार ताटल्या, एक कप. फ्लॅनेलचे दोन नाइटगाऊन, आणि त्यातल्या एकात गुंडाळलेला शाळेच्या गणवेशातल्या नऊ वर्षांच्या नॉर्डियाचा फोटो, काचेसकट.

पिनॉकबाईंनी तळापर्यंत हात फिरवला. तांदूळ नाही, साबण नाही, डबे नाहीत, लोशन नाही. दरवेळी पिंपात नॉर्डियाच्या नावाची एक वेगळी पिशवी असायची, कधी ब्लाउज, कधी चपला, बहुतेक वेळा एक माप लहान. या पिंपात तिच्यासाठी काहीच नव्हतं.

“आई येतेय का कायमची?” पिनॉकबाईंनी विचारलं.

“नाही. नाताळला येणार होती, पण पिंप आलं म्हणजे…”

“पोरी, बावीस वर्षं मी लोकांची पिंपं उपसतेय. पाठवणारीचं पिंप वेगळं आणि परतणारीचं वेगळं. पाठवणारी तांदूळ भरते. स्वतःचा नाइटगाऊन कोण पाठवतं?” त्यांनी शिक्का मारला. “वापरलेलं घरगुती सामान. जा. आईला म्हणावं, स्वागत आहे.”

नॉर्डिया पिंपाजवळ उभी राहिली. मागच्या माणसाने “बाई, सरका की” म्हटलं तेव्हा ती सरकली. तिच्या मनात पहिला विचार आला तो आईचा नव्हता, पलंगाचा होता. एकच पलंग आहे, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त आईचा. विचारायचं तरी! एकोणीस वर्षं फोनवर ‘जेवलीस का’ विचारणाऱ्या बाईला ‘येऊ का’ एवढं विचारता येत नव्हतं?

डेमियन त्याच्या मित्राची व्हॅन घेऊन आला. हे त्याच्या बाजूने बोललं पाहिजे की पिंप त्याने एकट्याने चढवलं आणि अंगणात उतरवलंही. मग त्याने झाकण उचललं, टोप्या पाहिल्या, आणि त्याला एकदम पोर्टमोरमध्ये राहिलेलं एक काम आठवलं.

“फोन करतो,” तो म्हणाला.

“हो, कर,” नॉर्डिया म्हणाली. जूनपर्यंत तो फोन येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

मिस आयोनी घमेलं घेऊन आली होती, तांदळासाठी. तिने आत पाहिलं, घमेलं खाली ठेवलं आणि पांढरी टोपी उचलून उन्हात धरली.

नॉर्डियाला त्या क्षणी एक आशा वाटली, आणि ती आशा तशी क्षुद्रच होती. खोली देताना मिस आयोनीने बजावलं होतं: एक बाई, एक खोली; दुसरं माणूस आणलंस तर किल्ली परत. पुरुष तर सोडाच, बेव्ह मावशीची धाकटी दोन रात्री राहायला आली तर म्हातारीने पाणी तोडलं होतं. आता ही ‘नाही’ म्हणाली की झालं. मग दोष नॉर्डियाचा नाही. मग मम्मी बेव्ह मावशीकडे जाईल, आणि नॉर्डिया रविवारी केक घेऊन भेटायला जाईल, शहाण्या मुलीसारखी.

“मिस आयोनी, मम्मी कायमची येतेय असं दिसतंय,” ती म्हणाली. “पण तुम्ही तर म्हणाला होतात, दुसरं माणूस चालणार नाही. मी तिला सांगते तसं. नियम म्हणजे नियम.”

मिस आयोनीने टोपी खाली केली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हातारीला सगळं कळतं.

“आई म्हणजे दुसरं माणूस होय गं?” ती म्हणाली. “माझा पोरगा इंग्लंडला गेला तो चौतीस वर्षं झाली. पिंपंसुद्धा बंद झाली. उद्या त्याच्या चपला पिंपातून आल्या ना, तर मी त्या बायबलशेजारी ठेवीन.” मग नाक पुसून, नेहमीच्या आवाजात, “आणि रविवारी चर्चला मला सोबत होईल. तू तर लोळत पडतेस. ही पांढरी मला बघू दे जरा घालून.”

सुटायचा दरवाजा होता तो असा बंद झाला. केरी-गेला तिने फोनवर एवढंच सांगितलं की लोशन आलं नाही, टोप्या आल्यात. केरी-गे म्हणाली, “छान पानं पुसलीस तोंडाला! मी तुझ्या आजीला दुसऱ्यांदा मारलं ते टोपीसाठी?” नॉर्डियाला हसू आलं, आणि हसताना आपल्याला रडू येतंय हे तिच्या लक्षात आलं. तिने फोन ठेवला.

ओसरीवर ऊन उतरत होतं. तिने आईला फोन लावला. मर्लीनने पहिल्याच घंटीला उचलला.

“पोचलं पिंप?”

“पोचलं.”

“उघडलंस?”

“हो.”

पलीकडे कोणाचा तरी टीव्ही चालू होता. मर्लीनने तो बंद करायला सांगितला नाही, म्हणजे घर तिचं नव्हतं.

“मी सांगणारच होते,” मर्लीन म्हणाली. “आमचे म्हातारे मिस्टर कोवाल्स्की सप्टेंबरात गेले. पोरांनी घर विकलं. तळघरात मी राहायचे ना, ते पण त्यातच गेलं. आता आमच्या चर्चच्या एका बहिणीकडे सोफ्यावर आहे. दुसरं काम बघितलं असतं गं, पण आता गुडघे उचलू देत नाहीत माणसाला. वीस तारखेचं तिकीट काढलंय.”

“सप्टेंबरात? आणि मला आत्ता सांगतेस? पिंपाकडून?”

“घाबरले.”

“कशाला?”

“तू नको म्हणशील म्हणून. पिंप गेलं की मग तुला नको म्हणता येणार नाही, असं वाटलं.” मर्लीन लगेच पुढे म्हणाली, “मी बेव्हकडे जाईन. तुला अडचण असेल तर सांग. खरंच सांग, मी काही वाईट वाटून घेणार नाही.”

बेव्ह मावशीकडे आता सात माणसं होती. हे मर्लीनलाही ठाऊक होतं. नॉर्डियाने खोलीकडे पाहिलं: तिचा पलंग, तिची शेगडी, दाराला लावलेली किल्ली. दहा वर्षांची असताना ती रोज संध्याकाळी फाटकापाशी उभी राहायची. कोणीही टॅक्सीतून उतरलं तरी ती पुढे धावायची. तेव्हा ही बाई आली असती तर नॉर्डियाने तिला हातांवर झेललं असतं, जमिनीला पाय लागू दिला नसता. आता ती येत होती, आणि नॉर्डिया वाट बघून बघून दमून गेली होती. माया आटली होती असं नाही. कुठेतरी खाली होती, पण ती वर काढायचं बळ आज तरी अंगात नव्हतं. ‘नाही’ म्हणायचंही बळ नव्हतं.

“ये,” ती म्हणाली. “इथेच ये.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग मर्लीनने एकदम कामाच्या आवाजात विचारलं, “पलंग एकच?”

“एकच.”

“मग मी बाहेरच्या कडेला झोपेन. रात्री दोनदा उठावं लागतं मला.”

“बरं.”

“आणि तू? अजून झोपेत लाथा मारतेस का?”

नॉर्डियाने विचार केला. 

“माहीत नाही, मम्मी,” ती म्हणाली. “मला कोणी सांगितलंच नाही.”

“बरं,” मर्लीन म्हणाली. “मी सांगेन.”