पोकळ गोल

टेपला वजन बांधायचं, ती अंगणातल्या विहिरीत सोडायची, पाणी किती खाली गेलं ते बघायचं आणि आकडा मोबाइलवरून पाठवायचा, एवढंच माझं रोजचं काम. नागपूरच्या एका संस्थेने केशोरीच्या आसपासच्या अशा बऱ्याच विहिरी निवडल्या आहेत. खरं सांगायचं तर मी ते काम खुशबूच्या फोनसाठी धरून होतो. आकडा यायला उशीर झाला की त्या संस्थेतली ही पोरगी फोन करायची, "काका, आज रीडिंग नाही आलं? तब्येत बरी आहे ना?" बायको गेली, मुलगा रायपूरला. माझी तब्येत विचारणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी अधूनमधून मुद्दाम उशीर करायचो.

मग मॉडेल आलं. खुशबूने मोठ्या आनंदाने समजावून सांगितलं. "काका, आता टेन्शन नाही. जवळच्या विहिरी, जमीन, पाऊस आणि तुमच्याच विहिरीचे मागचे आकडे बघून कॉम्प्युटर आजच्या पाण्याचा अंदाज काढतो. उद्याचंही सांगतो. एखादं रीडिंग चुकलं तरी चालतं."

मला मात्र चालत नव्हतं. आकडा पाठवला की मोबाइलवरच्या नकाशावर आपली विहीर भरीव निळा ठिपका दिसते. अंदाजाने काढलेली दिसते पोकळ गोल. मी चिडलो. म्हटलं, बघू तर, मी थांबलो तर कोण विचारतं.

थांबलो. फोन उशाशी घेऊन झोपलो, आंघोळीला गेलो तरी दाराशी ठेवला. आठवडा गेला, दुसराही सरत आला. कुणी विचारलं नाही. माझा ठिपका पोकळ झाला आणि त्याखाली रोज नवा आकडा येत राहिला. एकदा न राहवून टेप सोडून पाहिली. यंत्र चुकलं असतं तर मला केवढा आनंद झाला असता! दोन बोटांचाही फरक नव्हता. त्या दिवशी मी जेवलो नाही.

गोलावर बोट ठेवलं की तो आकडा कुणाकुणाच्या पाण्यावरून काढला, तेही दिसतं. माझ्या गोलावर सगळ्यात वरचं नाव होतं बकाराम, शेजारच्या गावचा. आमच्या दोन विहिरींचं पाणी म्हणे बरोबरीने चढतं-उतरतं. या गृहस्थाला मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्याची विहीर उघडून बघतो तर तीही पोकळ! म्हणजे हा पठ्ठ्याही कामचुकार, आणि यंत्र आम्हा दोघांच्या जुन्या आकड्यांवर आमचं पाणी खुशाल पुढे ढकलत होतं. मी स्वतः काय करत होतो, ते तेवढं विसरलो. चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून सायकल काढली.

धान निघून गेलेल्या बांध्यांमधून, म्हणजे मोकळ्या खाचरांमधून, रस्ता जातो. बकारामच्या अंगणात त्याची सून शामकला सूप घेऊन धान पाखडत बसली होती. ओसरीवर फोटो होता, फोटोला सुकलेला हार.

"बाबूजी तं दिवाळीच्या आगुदरच गेले," ती म्हणाली.

मी विहिरीचं विचारलं.

"आखरी-आखरी टेप सोडतच नव्हते. मी म्हटलं, मी पाठवू का? तं नको म्हणे. पाहू दे, कोणाचा फोन येते का. फोन छातीवर घेऊनच पडून राहत." तिचा हात सुपातच थांबला. "नाही आला जी."

सुनवायला आणलेले चार शब्द कुठल्या कुठे गेले. मी पायरीवर बसलो आणि मोबाइल काढला. बकारामच्या गोलाखाली आजचा आकडा होता. उद्याचाही होता. मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"तुमी कायले आले होते जी?" शामकलाने विचारलं.

मी उठून फोटोपुढे गेलो. हात जोडले.

"बकारामजी," मी म्हटलं, "रीडिंग नाही आलं तुमचं. तब्येत बरी हाय ना?"

शामकलाने पदर तोंडाला लावला. मग ती आत गेली आणि बकारामची टेप आणून तिने माझ्या हातात दिली.